पाणमांजराची पोचपावती

सगळ्यात आधी शेवंताकाकींचं नाव. मालवणजवळ, कर्ली खाडीच्या काठाला, एस.टी.च्या थांब्यासमोर त्यांची खानावळ आहे. त्यांच्यामुळे मी धड परत आलो, नोकरीत राहिलो, आणि ज्याला सोडायला गेलो होतो तो खरोखर सुटला. बाकीचा मजकूर त्यानंतर. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या सरपंचांचा माझ्यावरचा राग अजून गेला नसेल. पण काकींचं नाव लिहिल्याशिवाय पुढचं अक्षर उमटायचं नाही.

मी सहावीत शाळा सोडली. त्यामुळे लिहायची भीती वाटते. आमच्या नगरपालिकेच्या बागेतल्या जनावरांना तपासायला येणारे डॉक्टर म्हणाले, "नामदेव, बोलतोस तसं लिही. आपल्यापैकी कुणी समुद्र बघितलाय? लोकांना कळू दे." म्हणून लिहितो.

निघायचं कारण

आमचं गाव मराठवाड्यात. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं, तेही आल्यासारखं करून जायचं. बागेत आमच्याकडे एक कोल्हा, दोन मोर, एक साळिंदर, काही ससे आणि एक पाणमांजर. पाणमांजराचं नाव मुकादम. धरणावरच्या कोळ्यांना ते मुठीएवढं पिल्लू असताना जाळ्यात सापडलं, त्यांनी बागेला आणून दिलं. सिमेंटच्या हौदाच्या काठावरून दिवसभर इकडून तिकडे फेऱ्या मारायचं, आम्ही काम करतोय की नाही हे बघत असल्यासारखं. म्हणून मुकादम.

फेऱ्या मारणं म्हणजे तपासणी नव्हे, हे मला डॉक्टरांनी सांगितलं. "त्याला जायला जागा नाही म्हणून तो तेवढीच जागा पुन्हा पुन्हा जातो," म्हणाले. तोवर पाच वर्षं मी त्याला पाहून हसत होतो.

त्याच्या हौदाला टँकरचं पाणी लागायचं. "माणसं तहानलेली आणि जनावर पोहतंय" असं कुणीतरी पेपरात पत्र लिहिलं. मग हौद अर्धा झाला, मग पाव, मग तळाला चिखल. मुकादम त्या चिखलात पालथा पडून राहू लागला. अंगावरचे केस गळायला लागले. धरणसुद्धा आटलं होतं, तिथे सोडायची सोय नव्हती. हा उन्हाळा तो काढत नाही, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले.

डॉक्टर मूळ मालवणकडचे. त्यांनी कागद हलवले, वनखात्याची परवानगी आणली आणि त्यांच्या अप्पा नावाच्या काकांना चिठ्ठी लिहिली. खाडीकाठी घर आहे, अप्पा सगळं बघतील. ऑफिसने मला आठ दिवस दिले आणि एक छापील कागद दिला. त्यावर मुकादम पोचल्याबद्दल स्थानिक जबाबदार व्यक्तीची सही आणि शिक्का हवा होता. हेडक्लार्क म्हणाले, "शिक्क्याशिवाय आलास तर जनावर परत घेऊन यायचं. नाहीतर तू विकलंस असं धरलं जाईल." तेव्हापासून तो कागद मी खिशात दर पाच मिनिटांनी चाचपत होतो. अजूनही हात जातो.

घाट

कोल्हापूरपर्यंतचं सोडून देतो. तिथून गगनबावड्यावरून घाट उतरणाऱ्या गाडीत लाकडी खोकं शेवटच्या सीटखाली सरकवलं, वर ओलं पोतं टाकलं, आणि मी त्यावर पाय ठेवून मान खाली घालून बसलो. कंडक्टरला "आत काय" विचारल्यावर "सरकारी" म्हणालो. सहावी शिकलेल्या माणसाला तेवढा एक शब्द पुरतो.

घाट लागला आणि वारा ओला झाला. मला काही कळलं नाही, मुकादमला कळलं. त्याने शिटी मारली. पाणमांजराची शिटी अगदी माणसाची, तीही वाईट चालीच्या माणसाची. पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून पाहिलं. दुसरी शिटी. बाई उभ्या राहिल्या.

"लाज नाही वाटत?"

"मी नाही हो बाई. मुकादम."

"कुठाय तुझा मुकादम?"

"सीटखाली."

अर्धी गाडी उठली. कंडक्टरने पोतं बाजूला केलं, मुकादमने मिशा बाहेर काढल्या, आणि बाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "अगं बाई, केवढंसं आहे!" वैभववाडीपर्यंत त्याच बाईंनी आपल्या तांब्यातलं पाणी त्याच्या पोत्यावर शिंपडलं. वैभववाडीत उतरताना मला म्हणाल्या, "माणसांपेक्षा बरा आहे, निदान उघड शिटी मारतो."

खाली सगळंच हिरवं. आमच्याकडे एप्रिलमध्ये हिरवा रंग फक्त बँकेच्या दारावर दिसतो. इथे आंबे, काजू, फणस, आणि विहिरींना कठड्याच्या हातभर खाली पाणी. कसालला गाडी बदलली. तिथे एक माणूस तांब्याभर पाण्याने पाय धूत होता आणि तांब्या संपल्यावर त्याने दुसरा भरला. मी टक लावून बघत राहिलो. त्याला वाटलं मलाही पाय धुवायचेत, त्याने तिसरा तांब्या माझ्या पायांवर ओतला.

खाडीकाठ, रविवार

अप्पांच्या घराला कुलूप होतं.

पायरीवर खोकं ठेवून मी बसलो. चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, जणू वाचता वाचता कुलूप उघडेल. मुकादम आत पंजे मारत होता. समोर खाडी होती. एवढं पाणी एका जागी मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते बघून मला आनंद होण्याऐवजी रडू यायला लागलं. चोवीस वर्षांचा माणूस. लिहायला लाज वाटते, पण डॉक्टर म्हणाले तसंच लिहायचं.

समोरच्या खानावळीतून एक बाई पदराला हात पुसत आल्या. पन्नाशीच्या, उंच, कपाळावर मोठं कुंकू नाही, पण आवाज कुंकवापेक्षा मोठा. त्या शेवंताकाकी.

"काय रे झिला, खंयसून इलंस? आणि ह्या खोक्यात काय आसा?"

"पाणमांजर."

"मांजर? मगे शिटी कित्याक मारता?" त्यांनी वाकून पाहिलं. "अरे देवा, ह्यो तर उद! आमच्या खाडयेत कमी पडले म्हणान घाटावरसून हाडलंस?"

पाणमांजराला तिकडे उद म्हणतात. मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती न वाचताच परत दिली. "अप्पा गेलो मुंबयक, लेकाकडे. पावस पडल्याशिवाय येवचो नाय." माझा चेहरा बघून पुढे म्हणाल्या, "आधी जेव. मगे रड."

ताटात लाल जाड भात, बांगड्याचं तिखलं आणि गुलाबी सोलकढी. मी ज्वारीचा माणूस. भात हे आमच्याकडे आजाऱ्याचं किंवा लग्नाचं अन्न. मासा फक्त मुकादमसाठी कापलेला पाहिलेला, खाल्लेला नाही. पहिल्याच घासाला काटा घशात बसला. मी हातवारे केले. काकींनी भाताचा एक गोळा वळला आणि माझ्या तोंडात कोंबला.

"गीळ! चावू नको, गीळ!" काटा गेला. "तुमच्याकडे माशांका काटे नसतत?"

"असतात, पण ते मुकादम खातो."

त्या एवढ्या हसल्या की पाटावर बसल्या. तेवढ्यात बाहेर एस.टी.चा हॉर्न वाजला, आणि त्या हसणं अर्ध्यावर टाकून उठल्या. आठवडाभर मी हे बघितलं. हॉर्न वाजला की काकी उठत, मग तोंडात घास असो की डोळ्यात झोप. गाडीतले ड्रायव्हर-कंडक्टर त्यांच्याकडे जेवतात, त्यांना पंचवीस मिनिटं असतात. बावीस वर्षं हे चाललंय. त्या कसालच्या पलीकडे कधी गेलेल्या नाहीत.

रात्री मला पडवीत जागा दिली. मुकादमला मागच्या दारी, खाडीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी.

सोमवार

दुसऱ्या दिवशी सरपंचांकडे गेलो. तातूकाका गावकर. सरपंच तेच, देवळातला पहिला मान त्यांचाच, आणि खाडीतली निम्मी जाळीही त्यांचीच. म्हणजे मी ज्या एका सहीसाठी आलो होतो ती आणि ज्यांचा मुकादमशी दावा असणार ती जाळी, दोन्ही एकाच अंगणात वाळत होती.

"चोर हाडून माझ्या घरात सोडतंस," तातूकाका म्हणाले, "आणि वर माझीच सही मागतंस? एक जाळा फाडल्यान तर सांधूक चार दिवस जातत."

मी म्हणालो, मुकादम जाळं फाडणार नाही, त्याने जाळं पाहिलेलंच नाही. ते ऑफिसातल्यासारखं शुद्ध बोलू लागले तेव्हा मला कळलं की आता काही होणार नाही. "आपला अर्ज विचारार्थ ठेवण्यात येईल," म्हणाले.

परत आलो तर मुकादम उपाशी. मी बाजारातून दोन बांगडे आणले. काकींनी दारातच अडवलं.

"आज सोमार. माझ्या घरात मासळी कापाची नाय, शिजाची नाय, खावची नाय."

"पण काकी, तो पाणमांजर आहे."

"आसांदे. माझ्या घरात ऱ्हवता ना?"

मग मुकादमने वरणभात खाल्ला. खरंच खाल्ला. काकींनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, हसल्या नाहीत. "उद वरणभात खाता," एवढंच म्हणाल्या. जरा वेळाने पुन्हा म्हणाल्या, "काय केलास रे तुम्ही ह्याचा?"

 आमच्याकडे त्याला बिनडोक्याचे, कापलेले तुकडे मिळायचे, कारण मासळीवाला डोकी वेगळी विकायचा. मासा नसला की पाव, पाव नसला की भात. माशाला डोळे असतात हेच मुकादमला माहीत नव्हतं.

शाळा

मंगळवारी काकींनी त्याची शाळा सुरू केली. माझ्यापेक्षा तो बरा विद्यार्थी, निदान त्याने सोडली नाही.

पहिला धडा पाणी. मी पायऱ्यांवर उभा राहून त्याला खाडीत ढकललं. त्याने दोन हात मारले, चारी बाजूंना बघितलं, काठ कुठेच वळत नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि तो किंचाळत परत फिरला. हौदात आठ पावलांवर वळायचं असतं. इथे वळायचं कुठे? तो माझ्या पायावरून, पोटावरून थेट डोक्यावर चढला. माझा तोल गेला. खाडीचा चिखल काय असतो हे घाटावर सांगून समजायचं नाही. मी कमरेपर्यंत आत गेलो, आणि मुकादम माझ्या डोक्यावर कोरडा.

"तेका पाणी दाखवूक हाडलंस," वरून काकी ओरडल्या, "की तुझी आंघोळ करूक?" दोरी टाकून त्यांनी आणि एका कंडक्टरने मला ओढून काढलं. ती गाडी सात मिनिटं उशिरा सुटली. त्या कंडक्टरचेही आभार.

दुसरा धडा मासा. काकींनी घमेल्यात जिवंत बोई सोडली. मुकादमने नाक पुढे केलं. बोईने शेपटी मारली. मुकादम उडाला तो काकींच्या लुगड्यामागे.

"अरे मेल्या, माशान तुका भियाचा, की तू माशाक?"

बुधवारी त्यांनी खेकडा आणला. खेकड्याने मुकादमचं नाक धरलं. मी धावणार होतो, काकींनी माझा दंड धरला. "सोड. तेका राग येव दी." आणि त्याला राग आला. पाच वर्षांत मी त्याचा राग पाहिला नव्हता, फक्त कंटाळा पाहिला होता. त्याने खेकडा आपटला, उलटा केला, फोडला आणि सगळाच्या सगळा खाल्ला. मग पायरीवर बसून ओल्या अंगाने आमच्याकडे बघितलं. मी टाळ्या वाजवल्या. काकी म्हणाल्या, "आता ह्यो उद झालो." हॉर्न वाजला, त्या गेल्या. मी वळून पाहिलं तर पायरी रिकामी. पाण्यावर एक रेघ लांब जात होती, आणि ती वळत नव्हती.

देऊळ

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तिथे वेळेवर सांगितली नाही. आमच्या बागेत पितळी घंटा आहे. रोज संध्याकाळी बाग बंद करायच्या आधी मी ती वाजवायचो आणि मुकादमला खायला घालायचो. दुसरी गोष्ट. सहलीला येणारी शाळेची मुलं शेंगदाणे टाकायची, म्हणून तो मागच्या पायांवर उभा राहून पुढचे पंजे जोडायला शिकला होता. मुलं खूप हसायची. मीही.

बुधवारी संध्याकाळी खाडीकाठच्या देवळात आरती होती. काकींनी मला पाठवलं. "जा, देवाक सांग. तातू ऐकाचो नाय, तो ऐकात." मी मागे उभा होतो. घंटा सुरू झाली. बायका एकदम बाजूला सरकल्या. पायऱ्यांवरून मुकादम येत होता, अंगातून पाणी गळत. सभामंडपाच्या मधोमध आला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि पंजे जोडले.

आरती थांबली. घंटा वाजवणाऱ्याचा हात वरच राहिला.

"बघ, बघ, हात जोडता!" कुणीतरी कुजबुजलं. तातूकाकांनी डोक्यावरची टोपी काढली. नारळाचा तुकडा मुकादमपुढे ठेवला, त्याने तो घेतला आणि खाडीत गेला.

गुरुवारी पुन्हा तेच. त्या दिवशी गर्दी दुप्पट होती. आणि तातूकाकांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे देवाला नवस मनात बोलतात. इथे सगळ्या गावाच्या वतीने एकजण मोठ्याने देवाशी बोलतो आणि बाकीचे हुंकार भरतात. मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो जो उद घाटावरचो मुलूख सोडून तुझ्या पायाकडे इलो, तेची काय चूकभूल आसात ती पदरात घे..."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या पोटाक खाडयेत भरपूर दी, पण आमच्या जाळ्यांका तोंड लावची बुद्धी तेका दिव नको..."

"व्हय म्हाराजा!" हा हुंकार सगळ्यात मोठा. ज्यांची जाळी होती ते दोनदा म्हणाले.

"आणि ह्यो जो परको झिल तेका घेवन इलो, नामदेव, तेका सुखरूप तेच्या आवशीकडे पोचव रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

आवस म्हणजे आई. माझ्यासाठी आजवर कुणी नाव घेऊन देवाकडे काही मागितलं नव्हतं. शंभर माणसं एकदम "व्हय" म्हणाली. मी मान खाली घातली. कृतज्ञतेने घातली, आणि त्याहून जास्त अपराधाने, कारण ती घंटा माझी होती आणि ते जोडलेले हात शेंगदाण्याचे.

तातूकाकांनी मला जवळ बोलावलं. "शनवारी आरतीक इलो, तर देवान तेका ठेवन घेतल्यान असा समजतलंय. सही करतलंय, शिक्को मारतलंय."

घरी येऊन मी काकींना सगळं सांगितलं. घंटा, शेंगदाणे, सगळं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"माका ठावक होता," त्या म्हणाल्या. "वरणभात खाणारो उद देवळात भक्तीसाठी जायत?"

"मग तातूकाकांना सांगू?"

"सांग. पण सही झाल्यार सांग."

मला बरं वाटलं. पण तांदूळ निवडता निवडता त्या पुढे म्हणाल्या, "मात्र एक इचार कर, झिला. घंटा वाजल्यार येता, तो सुटलो खंय? तुझो हौद वायंच मोठो झालो, इतक्याच."

शनिवार

शुक्रवारी मुकादम उशिरा आला, नारळ हुंगला, खाल्ला नाही, गेला. पोट भरलेलं दिसत होतं. अंगाला चकाकी आली होती. मला आनंद झाला आणि पाठोपाठ घाम फुटला. तो पोटभर खायला लागला तर देवळात कशाला येईल? आणि आला नाही तर सही नाही. सही नाही तर त्याला परत न्यायचं, त्या चिखलात, डॉक्टर म्हणाले होते त्या उन्हाळ्यात.

म्हणजे तो अजून आमचाच कैदी असेल तर त्याला सुटल्याचा कागद मिळणार, आणि खरंच सुटला असेल तर मिळणार नाही. हे कोडं सहावीपर्यंतच्या गणितात नव्हतं. देवासमोर उभा राहिलो तर काय मागावं तेच कळेना. "ये" म्हणावं की "येऊ नकोस"?

शनिवारी दुपारी मी बाजारातून दोन बांगडे घेतले, कागदात गुंडाळले आणि देवळाच्या पायऱ्यांमागे ठेवायला निघालो. दारात काकी उभ्या.

"ह्ये बांगडे तेच्यासाठी," त्यांनी विचारलं, "की कागदासाठी?"

 आणखी काही बोलल्या असत्या तर मी वाद घातला असता. मी बांगडे चुलीपाशी ठेवले. त्यातला एक खानावळीच्या मांजराने लगेच नेला, त्याला असले प्रश्न पडत नाहीत.

आरतीच्या वेळी सगळी वाडी देवळात होती. मी गेलो नाही. मी मागच्या दारी पायऱ्यांवर बसलो. ऊन उतरलं होतं, भरती येत होती. पाण्यात एक डोकं दिसलं. मिशा ओळखीच्या. मग त्याच्या शेजारी दुसरं डोकं दिसलं, ते ओळखीचं नव्हतं.

देवळात घंटा वाजली.

मुकादमची मान गरकन वळली. सगळं अंग देवळाकडे फिरलं.  पाच वर्षं माझ्या हातची घंटा त्याच्या अंगात होती, ती एका आठवड्यात कशी जाणार? घंटा वाजत होती आणि तो तसाच, तोंड देवळाकडे करून, पाण्यात उभा. मग दुसऱ्या डोक्याने शिटी मारली. घाटात त्याने मारली होती तशीच. त्याने उत्तर दिलं, आणि दोघं बुडाली. बराच वेळ गेला. पार पलीकडच्या काठाजवळ दोन रेघा वर आल्या.

मी एकटाच टाळ्या वाजवत होतो, आणि रडत होतो. ते ह्या प्रवासातलं दुसरं रडणं. ह्याची लाज वाटत नाही.

देवळात मात्र शोककळा होती. मी तिकडे गेलो तेव्हा तातूकाका पायऱ्या उतरत होते. "इलो नाय. देवान ठेवन घेतल्यान नाय. तेका घेवन जा परत."

"काका, तो खाडीत राहिला, म्हणून तर आला नाही."

"खंय आसा? दाखव माका."

आम्ही दोघांनी खाडीकडे पाहिलं. पाणी होतं.

"जो दिसत नाय, तेची पोचपावती कशी दिवू?" ते म्हणाले. त्यांचं काही चूक नव्हतं. सरपंच माणूस, कागदाला जपणारच. शेवटी मी घंटेचं आणि शेंगदाण्यांचं सगळं सांगून टाकलं, सही नसतानाच. ते ऐकून त्यांनी टोपी झटकली, पुन्हा डोक्यावर घातली आणि माझ्याशी परत एक शब्द बोलले नाहीत. गाऱ्हाण्यात घेतलेलं माझं नाव देवाकडून परत मागितलं की काय कोण जाणे. पण मी सुखरूप घरी पोचलो, तेव्हा बहुधा मागितलं नसावं.

पोचपावती

रविवारी सकाळी माझी गाडी. कोरा कागद खिशात, रिकामं खोकं हातात. मी खिसा चाचपत होतो. काकींनी विचारलं, "त्या कागदार काय व्हया?"

मी वाचून दाखवलं. "स्थानिक जबाबदार व्यक्तीची सही व शिक्का."

"हाड हकडे."

त्यांनी चष्मा लावला. मी स्थानिक आहे का, म्हणाल्या. आहात. मी जबाबदार आहे का? बावीस वर्षं एकही गाडी उपाशी सुटलेली नाही. मग टोक केलेल्या पेन्सिलीने, एकेक अक्षर पाटीवर काढावं तसं, त्यांनी सही केली. त्या तिसरी शिकलेल्या, मी सहावी. दोघांची मिळून नववी होते. आमच्या ऑफिसातल्या शिपायाला तेवढीच लागते.

मग ड्रायव्हर-कंडक्टरांच्या जेवणाच्या चिठ्ठ्यांवर मारायचा रबरी शिक्का त्यांनी काढला, त्यावर हाऽ केलं आणि कागदावर दाबला. गोल, जांभळा, ठसठशीत. मधोमध अक्षरं होती, "भोजन मिळाले".

"खोटा आसा काय ह्यात?" काकींनी विचारलं.

नव्हतं. त्या आठवड्यात मुकादमच्या बाबतीत याहून खरं काही कुणी लिहिलंच नव्हतं.

हेडक्लार्कने कागद लांब धरला. "शिक्का आहे ना?" म्हणाले. आहे. फाईलला लावला. गोल आणि जांभळं असलं की आमच्याकडे वाचत नाहीत. डॉक्टरांनी मात्र वाचलं आणि खुर्ची धरून हसले. हसणं थांबल्यावर रिकाम्या हौदापाशी जाऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, आता साळिंदराचं काय ते बघू. घंटा मी काढून ठेवली आहे. बाग बंद करायला आता शिटी मारतो.

एवढं लिहिलं, पण एक राहिलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी काकींनी मला विचारलं होतं, "तुमच्याकडे खरोखर समुद्र नाय?"

"नाही."

"मगे माणसा संध्याकाळची बघतत खंय?"

मी सांगायला लागलो. ज्वारीचं शिवार कसं असतं, किती लांबवर सपाट दिसतं, त्यावर वारा आला की ते कसं हलतं. त्या ऐकत होत्या. जिवंत बोई पहिल्यांदा पाहताना मुकादमने नाक पुढे केलं होतं, तशी त्यांची मान पुढे आली होती. शिवार कुठवर जातं, काठ कुठे येतो, असं त्या विचारणारच होत्या, आणि हॉर्न वाजला. त्या उठल्या.

शेवंताकाकी, हे तुम्हाला कुणी वाचून दाखवेल. मी बांगडा तळायला शिकलोय, तिखलंही जमतं, भात अजून तळाला लागतो पण तेवढं शिकून घेईन. सुगीच्या तोंडाला, ज्वारी अजून शिवारात उभी असताना, मी आठ दिवसांची रजा काढून येणार आहे. तुमच्या चुलीपुढे मी बसेन. हॉर्न वाजेल तेव्हा तुम्ही उठायचं नाही, मी उठेन. तुम्ही त्याच गाडीत बसायचं, खिडकीजवळ, आणि कसाल आलं तरी उतरायचं नाही.